फौंड्री आणि मशिन शॉपसाठी मिळणारी 'अप्रायझल'ची सेवा: पैसे कशाचे द्यावेत, कशाचे देऊ नयेत

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत आणि उद्यमनगरातली जुनी शॉप्स या सगळ्या पट्ट्यात कामगिरी मूल्यमापन बसवून देणारे एचआर सल्लागार आता सहज मिळतात. त्यांची कोटेशनं शेजारी ठेवून वाचली तर साचा जवळजवळ एकच दिसतो. पदनिहाय जबाबदाऱ्या आणि केआरए (ज्यांवर गुण मिळणार ती ठरलेली उद्दिष्टं), रेटिंगचे फॉर्म, सुपरवायझरांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण, वर्षअखेरची गुण जुळवणीची बैठक, पगारवाढीची शीट, आणि वर एखादं सॉफ्टवेअर किंवा एक्सेल फाइल. मुदत तीन-चार महिने. दर माणशी किंवा सल्लागाराच्या दिवसामागे, वर १८ टक्के जीएसटी. हे परीक्षण कुणा एका सल्लागाराचं नाही. चाळीस ते दीडशे माणसांच्या कारखान्याला ही सेवा काय देते आणि कुठं अडते, याचं आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो. कोटेशनमध्ये सगळ्यात जास्त ओळी फॉर्मवर असतात आणि त्यांचीच किंमत सगळ्यात कमी आहे. खरी किंमत दोन गोष्टींची: रिजेक्शन आणि खोळंब्याची कारणवार नोंद बसवून देणं, आणि सुपरवायझरला ती नोंद समोर ठेवून माणसाशी बोलायला शिकवणं. ही दोन कामं करणाऱ्या सल्लागाराला जास्त पैसे द्यावेत. उरलेलं इंटरनेटवर फुकट मिळतं.

खरेदीची सुरुवातच बऱ्याचदा चुकीच्या टोकाला होते. वाहन उद्योगाला माल देणाऱ्या कारखान्याला बहुतेकदा आयएटीएफ १६९४९ हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र लागतं. ऑडिटर कलम ७.२ खाली माणसांच्या सक्षमतेचे पुरावे मागतो, स्किल मॅट्रिक्स (कुणाला कुठलं काम कितपत येतं याचा तक्ता) बघतो. ऑडिट तोंडावर आलं की सल्लागाराला फोन जातो आणि पंधरा दिवसांत फाइल तयार होते. पण स्किल मॅट्रिक्स आणि कामगिरी मूल्यमापन ही दोन वेगळी कामं आहेत. माणसाला मशिन चालवता येतं का, याचं उत्तर मॅट्रिक्स देतं. त्यानं या सहा महिन्यांत ते कसं चालवलं, हे मूल्यमापनानं सांगायचं. एकाच कागदात दोन्ही कोंबले की चांगला ऑपरेटर एखाद्या वाईट तिमाहीमुळे 'अकुशल' ठरतो आणि आळशी पण जाणकार माणूस वर्षानुवर्षं 'लेव्हल चार' वर बसून राहतो.

केआरए: इथंच सगळं ठरतं

बहुतेक पॅकेजमधल्या केआरए दुसरीकडून उचललेल्या असतात. मोल्डिंगच्या, म्हणजे वाळूचे साचे भरण्याच्या, सुपरवायझरच्या शीटवर 'रिजेक्शन ३ टक्क्यांच्या आत' असं एक वाक्य, त्याला ४० गुण. वाचायला ठीक. शॉपमध्ये लावायला गेलं की पहिल्याच महिन्यात भांडण.

का, ते आकड्यांत बघा. उदाहरणादाखल एका पाळीत १२०० कास्टिंग (ओतीव नगं) झाली आणि त्यातली ७२ रिजेक्ट झाली. म्हणजे ६ टक्के. आता ही ७२ नगं कारणानुसार मांडा. वाळूमुळे, म्हणजे ब्लो होल (वायूनं पडलेली छिद्रं) आणि सँड इन्क्लुजन (आत अडकलेली वाळू), ३०. कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) मोडला किंवा सरकला, १८. ओतकामामुळे, म्हणजे कोल्ड शट (धातूचे प्रवाह नीट न जुळणं) आणि मिसरन (साचा पूर्ण न भरणं), १४. बॉक्स मिसमॅच (साच्याचे दोन भाग सरकून बसणं) १०. मोल्डिंगच्या माणसाच्या हातात यातलं सरळ येतं ते मिसमॅचचं, १० नगं, म्हणजे १२०० मागे ०.८३ टक्के. वाळूची ओल आणि कॉम्पॅक्टेबिलिटी (ती किती दाबली जाते) सँड प्लँटकडे, कोअर कोअर शॉपकडे, ओतायचं तापमान भट्टीवाल्याकडे. ६ टक्क्यांचा बोजा मोल्डिंगवर टाकला तर तो माणूस आपल्या हातात नसलेल्या गोष्टीसाठी गुण गमावतो. दुसऱ्या वर्षी तो केआरएकडे बघतसुद्धा नाही.

त्या १० मध्येही आणखी एक पापुद्रा आहे. साचे दाबून भरणाऱ्या आर्पा मशिनवर मिसमॅच येतो तेव्हा बॉक्सच्या पिना आणि बुश झिजलेत का हे आधी तपासावं लागतं. झिजले असतील तर तो मेंटेनन्सचा किंवा खरेदीचा प्रश्न आहे. पिना चांगल्या असूनही बॉक्स नीट बसवला नसेल तरच तो माणसाचा. चांगला सल्लागार केआरए लिहिण्याआधी चार दिवस फेटलिंगमध्ये, म्हणजे कास्टिंग साफ करतात तिथं, उभा राहून ही कारणं वेगळी करतो. जो ऑफिसात बसून शीट भरतो, त्याला तिथंच थांबवावं.

गुणवत्तातज्ज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग हे दाखवायला लाल मण्यांचा खेळ करत. पांढऱ्या मण्यांत लाल मणी मिसळलेले, कामगारानं पन्नास खड्ड्यांच्या पॅडलनं मणी उचलायचे, लाल मणी म्हणजे दोष. कुणाला कमी येतात, कुणाला जास्त. कमीवाल्याचं कौतुक, जास्तवाल्याला ताकीद. प्रत्यक्षात आकडा ठरवत होती ती पेटी आणि तिच्यातली मिसळ. वार्षिक गुणांकनावर डेमिंग यांचा मुख्य आक्षेप हाच होता. फौंड्रीत त्या पेटीच्या जागी वाळू असते.

आणखी एक चूक हमखास होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. दोष सापडतो फेटलिंगमध्ये, ओतल्यानंतर एक-दोन दिवसांनी. ब्लो होल तर कधी कधी मशिनिंगमध्ये किंवा थेट ग्राहकाकडे उघडतं. रिजेक्शनची नोंद तपासणीच्या तारखेला पडली की मंगळवारच्या रात्रपाळीचा दोष गुरुवारच्या दिवसपाळीच्या नावावर जातो. त्यामुळे कास्टिंगवर तारीख आणि पाळीची खूण किंवा हीट नंबर (भट्टीच्या कुठल्या वितळणीचा माल, तो क्रमांक) असल्याशिवाय रिजेक्शनवर आधारित कुठलाही गुण देऊ नये. खूण नसेल तर आधी खूण सुरू करा, तीन महिने नुसती नोंद घ्या, मग केआरए लिहा. सल्लागाराच्या वेळापत्रकात हे तीन महिने नसतात, कारण त्या काळात त्याला बिल लावता येत नाही. म्हणूनच ते करारात घालून घ्यावे लागतात.

मशिन शॉपचं गणित थोडं सोपं आहे, कारण सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं मशिन) स्वतःच आकडे देतं. ४८० मिनिटांची पाळी, ३० मिनिटं जेवण वजा, उरली ४५०. त्यात ९० मिनिटं मशिन बंद. म्हणजे मशिन चाललं ३६० मिनिटं, उपलब्धता ८० टक्के. सायकल टाइम ४ मिनिटांचा असेल तर ९० नगं व्हायला हवी होती, झाली ८१, म्हणजे वेग ९० टक्के. त्यातली चांगली ७७, गुणवत्ता ९५ टक्के. तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई (मशिनची एकूण परिणामकारकता), सुमारे ६८.४ टक्के. सल्लागार हा आकडा उचलून ऑपरेटरच्या शीटवर चिकटवतो. पण त्या ९० मिनिटांत ५० मिनिटं फौंड्रीकडून कास्टिंगच आलं नव्हतं, २५ मिनिटं इन्सर्ट (टूलचं बदलायचं पातं) स्टोअरमध्ये नव्हतं आणि ऑपरेटरची स्वतःची फक्त १५ मिनिटं होती, तर ६८.४ हा त्याच्या कामगिरीचा आकडा होत नाही. तो कारखान्याचा आकडा आहे आणि प्लँट मॅनेजरच्या शीटवर जायला हवा. ऑपरेटरच्या शीटवर ती १५ मिनिटं, वेग, आणि त्याच्या चुकीनं गेलेली नगं एवढंच. यासाठी मशिनशेजारी खोळंब्याची कारणं छापलेला एक तक्ता पुरतो: माल नाही, टूल नाही, सेटिंग, वीज, बिघाड, तपासणीची वाट, इतर. सातापेक्षा जास्त कारणं ठेवली की ऑपरेटर सगळं 'इतर' मध्ये टाकतो.

एकच आकडा मोजला की माणूस तो आकडा सांभाळतो आणि बाकीचं सोडतो. भट्टीवाल्याला टनामागे विजेचे युनिट एवढीच केआरए दिली तर तो तापमान थोडं खाली ठेवून ओततो. युनिट वाचतात आणि फेटलिंगला कोल्ड शट वाढतात. शिवाय युनिट वाढायचं मोठं कारण बऱ्याचदा मोल्ड तयार नसल्यामुळे वितळलेला धातू भट्टीत धरून ठेवावा लागणं हे असतं. त्यात भट्टीवाला काय करणार? मेंटेनन्सच्या फिटरला 'ब्रेकडाउनची संख्या' दिली तर ब्रेकडाउन स्लिपच लिहिल्या जात नाहीत. मोल्डिंगला फक्त बॉक्सची संख्या दिली तर मिसमॅच वाढतो. प्रत्येक संख्येच्या केआरएला गुणवत्तेची एक जोडीदार केआरए लागते: युनिटबरोबर तापमानामुळे गेलेली नगं, ब्रेकडाउनबरोबर वेळापत्रकाप्रमाणे झालेली देखभाल. पॅकेजच्या नमुना शीटवर ही जोडी दिसली नाही तर तो सल्लागार शॉपमध्ये फिरलेला नाही, असं खुशाल समजावं.

संख्येबद्दलही. एका माणसाला चार किंवा पाच केआरए पुरे, कुठलीही १५ टक्क्यांच्या खाली नको. बारा केआरए आणि प्रत्येकी साधारण ८ टक्के अशी शीट ऑडिटरला भारी वाटते, पण कामगाराच्या लक्षात त्यातलं एकही राहत नाही.

फॉर्म

फॉर्मवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही, पण दोन गोष्टी बघाव्यातच. पहिली, भाषा. आयटी कंपनीच्या फॉर्मची इंग्रजी नक्कल शॉपमध्ये फिरते तेव्हा सुपरवायझर नुसते आकडे भरतो आणि शेऱ्याच्या जागी 'गुड' लिहितो. फॉर्म मराठीत हवा, आणि 'कास्टिंग', 'सेटिंग', 'रिवर्क' हे शब्द जसेच्या तसे. कुणीतरी 'पुनर्प्रक्रिया' लिहून ठेवलं की वाचणारा अडतो.

दुसरी, गुणांची व्याख्या. 'निष्ठा', 'पुढाकार', 'सकारात्मक दृष्टिकोन' यांना पाचपैकी किती, या प्रश्नाला कुणीच प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. प्रत्येक गुणाशी प्रत्यक्ष दिसणारं वागणं लिहावं ही पद्धत १९६३ पासून माहीत आहे, तरी पॅकेजमध्ये ती क्वचित असते. सीएनसी सेटरचं उदाहरण घ्या. १ गुण: पहिलं नग तपासणीला न पाठवता चालू करतो. ३ गुण: पहिलं नग तपासून सही घेतो, ऑफसेट (मशिनमधली टूलच्या मापाची दुरुस्ती) बदलल्यावर पुन्हा तपासणं मात्र कधी कधी राहून जातं. ५ गुण: प्रत्येक ऑफसेट बदलानंतर माप घेऊन नोंदवतो आणि टूल किती नगांनी बदलायचं ते पुढच्या पाळीला लिहून ठेवतो. हे वाचून दोन वेगळे सुपरवायझर एकाच माणसाला साधारण तोच गुण देतील. अशी वर्णनं पदवार लिहायला वेळ लागतो, आणि ती अनुभवी सेटरना बरोबर बसवूनच लिहावी लागतात. सल्लागारानं हे काम केलं तर त्याचे पैसे वाजवी आहेत.

सुपरवायझरचं प्रशिक्षण: एका दिवसात काही होत नाही

पॅकेजचा सगळ्यात कमकुवत भाग हाच, आणि सगळ्यात मोलाचाही हाच व्हायला हवा. सर्वसाधारण रचना अशी: सुट्टीच्या दिवशी हॉटेलच्या हॉलमध्ये तीस-पस्तीस जण, प्रोजेक्टरवर हेलो इफेक्ट (एका चांगल्या गोष्टीवरून सगळेच गुण चांगले देणं), रीसेन्सी इफेक्ट, जेवण, एक खेळ, प्रमाणपत्र. रीसेन्सी म्हणजे शेवटच्या महिन्यातलं तेवढं आठवणं, हे सुपरवायझरला पटतं. पण वही नसेल तर मार्चमध्ये त्याला मागचा जुलै आठवायचा कसा?

म्हणून प्रशिक्षणाचा गाभा वहीचा असावा. प्रत्येक सुपरवायझरकडे एक वही, प्रत्येक माणसाला दोन पानं. महिन्याला माणशी किमान दोन नोंदी: तारीख, काय घडलं, काय बोलणं झालं. एक नोंद चांगल्या कामाची असलीच पाहिजे, नाहीतर वही म्हणजे गुन्ह्यांचं रजिस्टर होतं आणि ती बाहेर काढली की शॉपमध्ये शांतता पसरते. बारा माणसांना महिन्याला चोवीस नोंदी, एकेकीला दोन मिनिटं, म्हणजे महिन्यात पाऊण तासाच्या आसपास. एवढा वेळ निघतो. निघत नसेल तर सुपरवायझरखाली माणसं जास्त आहेत. बारा-पंधराच्या वर गेलं की नोंद आणि बोलणं दोन्ही पातळ होतं, आणि ते दुरुस्त करायला प्रशिक्षण कामाचं नाही, मधे एक टीम लीडर लागतो.

दुसरा भाग बोलण्याचा. फीडबॅक दिला की कामगिरी सुधारतेच, हा समज चुकीचा आहे. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले तेव्हा सरासरीनं सुधारणा दिसली, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी घसरली होती. त्यांच्या मांडणीप्रमाणे बोलणं कामावरून सरकून माणसाच्या स्वतःवर गेलं की उपयोग कमी होतो. आपल्याकडे हे फारच चटकन होतं. पंचविशीतला डिप्लोमा झालेला सुपरवायझर आणि समोर पन्नाशीचे मामा, ज्यांनी त्याच्या आधी वीस वर्षं साचे भरलेत. एक तर तो काहीच बोलत नाही, किंवा सगळ्यांसमोर वस्सकन ओरडतो. 'तुम्हाला काही पडलेलीच नाही' हे वाक्य माणसावर जातं. त्याऐवजी बाजूला घेऊन, 'मामा, सोमवारच्या पाळीत तीन बॉक्स मिसमॅच आलेत. पिना मी बघितल्या, चांगल्या हाईत. बॉक्स बसवताना काय अडतंय का?' हे कामावर राहतं. आकडा आहे, तारीख आहे, आपण आधी काय तपासलं ते आहे आणि समोरच्याला बोलायला जागा आहे. 'अडतंय का' या प्रश्नाला कित्येकदा उत्तर येतं की हेल्पर बदललाय, किंवा क्रेन वेळेवर मिळत नाही. ते उत्तर वहीत लिहायचं आणि आठवड्यात त्यावर काहीतरी करून दाखवायचं. केलं नाही तर पुढच्या वेळी मामा फक्त मान हलवतील.

हे भूमिका घेऊन पुन्हा पुन्हा म्हणून बघावं लागतं. बारा ते पंधरा जणांची तुकडी, अर्ध्या दिवसाची चार सत्रं, दोन सत्रांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर, आणि दुसऱ्या सत्राला येताना वही बरोबर. रात्रपाळीच्या सुपरवायझरांची तुकडी वेगळी हवी. पाळी संपवून आलेला माणूस सकाळी दहाला फक्त डुलक्या घेतो. अशी रचना देणाऱ्या सल्लागाराचं कोटेशन एका दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा महाग येतं, आणि ते तसं यायलाच हवं.

गुण जुळवणी आणि बेल कर्व्ह

एक सुपरवायझर सगळ्यांना चार-साडेचार देतो, शेजारचा तीनच्या वर जात नाही. स्कलेन, माउंट आणि गॉफ यांच्या २००० सालच्या अभ्यासात मिळालेल्या गुणांमधल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग गुण देणाऱ्याच्या स्वतःच्या पद्धतीतून आला होता. त्यामुळे जुळवणीची बैठक हवीच. पद्धत साधी: विभागाचे सगळे सुपरवायझर एका टेबलावर, एकाच पदाची माणसं एका वेळी, आधी सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा. गुण देणारा वहीतल्या दोन नोंदी वाचतो. नोंद नसेल तर गुण मधे येतो. पाहुणा, गाववाला, मालकांच्या ओळखीतला, असे प्रश्न याच टेबलावर सुटतात, कारण चार जणांसमोर पुराव्याशिवाय पाच गुण सांगायला जड जातं. मालकांनी या बैठकीत बसू नये. ते बसले की सगळे त्यांच्याकडे बघून बोलतात.

बेल कर्व्ह, म्हणजे ठरावीक टक्के माणसं वर आणि ठरावीक खाली बसवायची सक्ती, मात्र ठामपणे नाकारावा. काही पॅकेजमध्ये अजूनही 'खालचे १० टक्के' ही सक्ती असते. आठ जणांच्या कोअर शॉपमध्ये १० टक्के म्हणजे पाऊण माणूस. कुणाला तरी खाली ढकलायचं म्हणून मग नवीन पोरगं किंवा न बोलणारा माणूस सापडतो. मायक्रोसॉफ्टसारख्या प्रचंड कंपनीनं सुद्धा ही सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली.

पगारवाढ, बोनस, हजेरी

गुणांचं बोलणं आणि पगारवाढीचं बोलणं एकाच बैठकीत करू नये. जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभ्यासातून हे १९६५ मध्येच पुढं आलं होतं: पैशाचा विषय निघाला की सुधारणेचं काही कानात शिरत नाही. दोन बैठकांत किमान महिन्याचं अंतर ठेवावं.

पगारवाढीची शीट बघताना एक हिशेब करा. ३ गुणवाल्याला ८ टक्के आणि ४ गुणवाल्याला ९ टक्के असेल, तर २०,००० पगारावर फरक पडतो महिन्याला २०० रुपयांचा. त्यासाठी वर्षभर वही, बैठका आणि रुसवेफुगवे करण्यात राम नाही. फरक ठेवायचा असेल तर डोळ्यांत भरेल असा ठेवा, नाहीतर सगळ्यांना सारखी वाढ द्या आणि मूल्यमापन फक्त शिकवण्यासाठी आणि बढतीसाठी वापरा. हा दुसरा मार्ग छोट्या कारखान्याला जास्त मानवतो. किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, तो वाढीच्या पत्रात वेगळा दाखवावा. तो कामगिरीच्या वाढीत मिसळला की माणसाला वाटतं साहेबांनी दिलं, किंवा साहेबांनी कमी दिलं. दिवाळीच्या बोनसचंही तसंच. कायद्यानं देय असलेला किमान ८.३३ टक्के बोनस गुणांशी जोडायचा नाही. जोडून देणारी शीट एखाद्या पॅकेजमध्ये आली तर त्या सल्लागाराला कायदा माहीत नाही हे उघड आहे.

हजेरीचे गुण हा इथला खास प्रश्न. करवीर, पन्हाळा, हातकणंगले, शिरोळ, कागल इथून येणाऱ्या बऱ्याच जणांची घरची शेती आहे. भात लावण, ऊसतोड आणि चैत्रात जोतिबाची यात्रा या दिवसांत रजा पडणारच. वर्षाच्या सुरुवातीलाच रजेचा तक्ता लावून घेतला तर ती ठरलेली रजा होते. गुण फक्त न सांगता मारलेल्या दांडीचे कापावेत. आणि पुराचे दिवस हिशेबातून पूर्ण वगळावेत. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. गावाबाहेर पडताच न आलेल्या माणसाचा त्या आठवड्याचा 'सलग हजेरी'चा गुण कापणारी सूत्रं एक्सेलमध्ये तशीच बसलेली असतात. ती उघडून तपासा.

खालच्या गुणांचं पुढं काय

'सुधारणा आराखडा' हा कागद सगळ्या पॅकेजमध्ये असतो आणि बहुतेक ठिकाणी तो काढून टाकायचं ठरल्यावर दिला जातो. कामगारांना हे लगेच कळतं. पुढच्या वेळी कागद हातात पडला की माणूस सुधारण्याऐवजी दुसरी नोकरी शोधतो. नीट आराखड्यात मुदत ६० ते ९० दिवसांची, सुधारायच्या गोष्टी दोन किंवा तीन, प्रत्येकीला आकडा, दर आठवड्याला पंधरा मिनिटांची भेट, आणि कंपनी काय देणार हे लिहिलेलं: कुणाबरोबर शिकायचं, कुठलं टूल मिळणार, कुठली पाळी. कंपनीचा रकाना रिकामा असेल तर तो आराखडा होत नाही, ती नोटीस होते.

कायद्याच्या बाजूनं, कमी कामगिरी आणि गैरवर्तन या वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या कमी गुणांच्या फॉर्मवर कायम कामगाराला काढता येत नाही. स्थायी आदेश (कारखान्याचे सेवानियम) लागू असतील तर ते, लेखी सूचना, म्हणणं मांडायची संधी, लागली तर चौकशी, हा रस्ता चालावाच लागतो. युनियन असेल आणि वेतन करार झालेला असेल तर उत्पादनाचे निकष करारात असतात. सल्लागाराची शीट त्याला छेद देत नाही ना, हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून एकदा बघून घ्यावं. कंत्राटी कामगारांची नावं कंपनीच्या फॉर्मवर तर मुळीच घालू नयेत. त्यांच्यावर थेट देखरेख आणि नियंत्रण कुणाचं, हा प्रश्न कंत्राट खरं की नावापुरतं ठरवताना विचारला जातो, आणि तुमच्या सुपरवायझरच्या सहीचा फॉर्म तिथं पुरावा होऊ शकतो. त्यांचे रिजेक्शनचे आकडे ठेकेदाराला द्यावेत, बोलणं त्यानं करावं.

प्रोबेशनसाठी मात्र हीच सेवा सगळ्यात चांगली चालते. तिसाव्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी अर्ध्या पानाची नोंद. मुदत संपायच्या आत कायम करायचं, वाढवायचं की थांबवायचं याचं पत्र. कुणी काहीच न ठरवता माणूस तसाच पुढं चालू राहणं, हा सगळ्यात महाग पडणारा आळस आहे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. साठ माणसांपर्यंत एक्सेल पुरतं. त्याच्या वर गेल्यास आधीच्याच हजेरी-पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये मूल्यमापनाचा भाग आहे का ते बघावं. वेगळं घेतलं तर माणसांची यादी दोन ठिकाणी सांभाळावी लागते आणि सहा महिन्यांत एक मागं पडते. मराठी टाइप करता येतं का, फोनवर उघडतं का आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढता येतो का, हे तीन प्रश्न डेमोतच विचारावेत.

घ्यावी कुणी ही सेवा? सुपरवायझर तीनपेक्षा जास्त आहेत, रिजेक्शनची नोंद निदान तारीखवार होते आणि मालक वर्षभर मागे लागणार आहेत, अशा कारखान्यानं जरूर घ्यावी. पंधरा-वीस माणसांच्या उद्यमनगरातल्या शॉपला याची गरज नाही. तिथं मालक रोज प्रत्येकाच्या मशिनशेजारी उभे असतात. एक वही आणि तीन महिन्यांनी अर्धा तास बसून बोलणं पुरेसं आहे.

वर्क ऑर्डर देताना पैशांचे हप्ते फॉर्म जमा करण्याशी जोडू नका. पहिला हप्ता सुरुवातीला, दुसरा तीन महिन्यांची कारणवार नोंद पूर्ण झाल्यावर, तिसरा प्रशिक्षणाच्या चौथ्या सत्रात प्रत्येक वही तपासल्यावर. उरलेला पाव हिस्सा दुसऱ्या सहामाहीची बोलणी सुपरवायझरांनी सल्लागाराशिवाय स्वतः पूर्ण केल्यावर द्यावा. ही अट ऐकून जो सल्लागार कचरतो, त्याला नमस्कार करून पुढच्याला बोलवावं.